परीक्षा माफ आहे, म्हणून देऊ नये का?

एका वाचक भगिनींचे पत्र:

“मी एकतीस वर्षांची असून गेली आठ वर्षे मालवाहतूक आणि गोदाम व्यवस्थापन करणाऱ्या एका कंपनीत नोकरी करते. माझी पदवी साहित्याची आहे आणि शाळा सुटल्यापासून गणिताशी संबंध उरलेला नाही. येत्या सप्टेंबरमधील पहिल्या फेरीत पूर्णवेळ एमबीएसाठी पाच बिझनेस स्कूलांकडे अर्ज करायचे ठरवले आहे. त्यांपैकी तीन ठिकाणी जीमॅट किंवा जीआरई यांपैकी एक प्रवेशपरीक्षा अनिवार्य आहे, एका ठिकाणी ती ऐच्छिक आहे आणि एका ठिकाणी विनंती केल्यास परीक्षेतून सूट मिळू शकते. ऑक्टोबर 2022 मध्ये मी जीमॅट दिली होती. तेव्हा एकूण 640 गुण मिळाले; क्वांटमध्ये, म्हणजे गणिताच्या विभागात, 38 आणि व्हर्बलमध्ये, म्हणजे भाषेच्या विभागात, 40. एका सहकाऱ्याचे म्हणणे असे, की हल्ली 645 हा चांगला गुणांक मानतात, म्हणजे मी पाचच गुणांनी मागे आहे, तेव्हा पुन्हा परीक्षा देण्यात हशील नाही. दुसरा म्हणतो, आठ वर्षांचा अनुभव गाठीशी असताना परीक्षा मागणाऱ्या संस्थांचा नाद सोडावा आणि माफी देणाऱ्यांकडेच जावे. तिसऱ्याच्या मते जीआरई सोपी असते, ती द्यावी. नोकरी सांभाळून मला रोज जेमतेम दीड तास मिळतो. मी काय करावे?”

सप्रेम नमस्कार.

तुमच्या तिन्ही सहकाऱ्यांनी सल्ला आपुलकीनेच दिला असणार, पण पहिल्याचा सल्ला सरळ चुकीच्या हिशेबावर उभा आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. तुमचे 640 आणि आजचे 645 हे दोन आकडे एका मोजपट्टीवरचे नाहीत. जीमॅटचे स्वरूप 7 नोव्हेंबर 2023 रोजी बदलले आणि जुनी परीक्षा 31 जानेवारी 2024 नंतर बंद झाली. नवी परीक्षा काही महिने ‘फोकस एडिशन’ या नावाने ओळखली जात होती, आता तिलाच नुसते जीमॅट म्हणतात, आणि गोंधळाचे मूळ बरेचसे या नावातच आहे. जुन्या परीक्षेचे एकूण गुण 200 ते 800 या पट्ट्यात असत आणि शेवटचा अंक नेहमी शून्य असे. नव्या परीक्षेचा पट्टा 205 ते 805 असा आहे आणि शेवटचा अंक नेहमी पाच असतो. ही रचना मुद्दाम केलेली आहे, जेणेकरून नुसत्या शेवटच्या अंकावरून गुण कोणत्या परीक्षेचे आहेत हे कळावे. परीक्षा घेणाऱ्या जीमॅक या संस्थेने जुन्या आणि नव्या गुणांची तुलना करणारे तक्ते प्रसिद्ध केले आहेत आणि त्यांनुसार नवे 645 म्हणजे साधारण जुने 700. याचा अर्थ तुम्ही पाच गुणांनी नव्हे, तर जुन्या मोजपट्टीवर साठ गुणांनी मागे आहात. यात खचून जाण्यासारखे काही नाही, पण सप्टेंबरचा बेत आखताना अंतर खरे किती आहे हे माहीत असलेले बरे.

जुना गुणांक अजून चालतो का, हा त्याच्या लगतचा प्रश्न. जीमॅटचे गुण परीक्षेच्या तारखेपासून पाच वर्षे ग्राह्य असतात, त्यामुळे तुमची मुदत ऑक्टोबर 2027 मध्ये संपते. त्याआधी पूर्ण होणाऱ्या अर्जासाठी तो नियमाने चालेल. मात्र काही संस्था अर्ज भरल्याचा दिवस धरतात आणि काही त्या फेरीची अंतिम तारीख धरतात, तेव्हा बेत वर्षभर पुढे ढकलण्याची वेळ आलीच तर हा बारकावा तपासून पाहा. पण चालतो म्हणजे उपयोगी पडतो असे नाही, आणि माझ्या मते तुमच्या पत्रातील कळीची गोष्ट 640 ही नसून तिच्या पोटातील दोन लहान आकडे आहेत.

अडतीस आणि चाळीस हे आकडे शेजारी लिहिले की सारखेच वाटतात, आणि तुम्हीही ते तसेच लिहिले आहेत. प्रत्यक्षात जुन्या परीक्षेत व्हर्बलमधील 40 म्हणजे शंभरांतील साधारण नव्वद परीक्षार्थींच्या पुढे असणे, तर क्वांटमधील 38 म्हणजे निम्म्याहून अधिक परीक्षार्थींच्या मागे असणे. दोन्ही विभागांचे गुण 51 पर्यंतच जात, पण क्वांटमध्ये वरच्या टोकाला गर्दी असे आणि व्हर्बलमध्ये तिथे विरळ वस्ती असे. आता तुमचा अर्ज वाचणाऱ्याच्या खुर्चीत बसून पाहा. पहिल्या पानावर साहित्याची पदवी आहे आणि गुणपत्रिकेत गणिताचा एकही विषय नाही. पुढच्या पानावर 640 दिसतात, त्याखाली क्वांटचा कमी पर्सेंटाइल, म्हणजे शंभरांतील किती जण तुमच्या मागे आहेत तो आकडा, दिसतो. त्यापुढे नोकरीचे वर्णन येते, आणि तिथे बहुधा ‘गोदाम व्यवस्थापनाची जबाबदारी सांभाळली’ असे काहीतरी लिहिलेले असते. भाषा उत्तम, विचार स्पष्ट, अनुभव भरपूर. पण ही बाई पहिल्या सत्रातील संख्याशास्त्र, वित्त आणि लेखाशास्त्र पेलेल का, या एका शंकेला तीन पाने उलटूनही उत्तर मिळालेले नसते.

परीक्षेची अट मुळात या शंकेपोटीच जन्माला आली. वेगवेगळ्या विद्यापीठांतून वेगवेगळ्या विषयांचे पदवीधर येतात, प्रत्येक ठिकाणचे गुण देण्याचे हात सैल किंवा आखडते असतात, तेव्हा सगळ्यांना एकदा तरी एका मापाने मोजावे, म्हणून काही बिझनेस स्कूलांनी एकत्र येऊन ही परीक्षा सुरू केली. ती पहिल्यांदा 1954 मध्ये घेतली गेली; जीमॅट हे नाव तिला 1976 मध्ये मिळाले. या मापावर सगळ्यांचा सदैव विश्वास होता असेही नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूलने 1980 च्या दशकाच्या मध्यावर जीमॅट मागणे बंद केले होते आणि सुमारे दहा वर्षांनी ते पुन्हा सुरू केले. आज हार्वर्ड, स्टॅनफर्ड, इन्सिआड, लंडन बिझनेस स्कूल अशा ठिकाणी पूर्णवेळ एमबीएला जीमॅट किंवा जीआरई यांपैकी एक मागतात.

अट टिकून राहण्याचे आणखी एक कारण आहे आणि ते तितकेसे उदात्त नाही. यूएस न्यूज या अमेरिकी प्रकाशनाच्या बिझनेस स्कूलांच्या क्रमवारीत प्रवेश घेणाऱ्यांचे जीमॅट व जीआरईचे गुण धरले जातात, त्यामुळे आपल्या तुकडीचा आकडा खाली येऊ नये याची अनेक संस्थांना काळजी असते. फायनान्शियल टाइम्सच्या क्रमवारीत हा निकष नाही. हे सांगण्याचा हेतू एवढाच, की तुमच्या अर्जातील गुण फक्त तुमच्याविषयी बोलत नाहीत. ते संस्थेच्या जाहिरातीतही जाऊन बसतात, आणि शिष्यवृत्ती वाटताना चांगला गुणांक असलेल्या उमेदवाराकडे संस्थेचा हात थोडा अधिक सैल का होतो, हेही त्यातून कळते.

आता माफीकडे वळू. 2020 मध्ये साथीमुळे परीक्षाकेंद्रे बंद पडली, जीमॅट आणि जीआरई दोन्ही घरून देण्याची सोय झाली, आणि त्याच काळात बऱ्याच संस्थांनी परीक्षेची अट शिथिल केली. काहींनी ती पुढे पूर्ववत केली, काहींनी शिथिलच ठेवली. तेव्हापासून ‘परीक्षा लागत नाही’ हे एक वाक्य सर्रास ऐकू येते, पण त्या वाक्यात निरनिराळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. ऐच्छिक याचा अर्थ असा, की गुण पाठवायचे की नाहीत हे तुम्ही ठरवायचे आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. सूट, म्हणजे ज्याला सगळे वेव्हर म्हणतात, ती मागावी लागते, तिच्यासाठी कारणे द्यावी लागतात आणि ती नाकारलीही जाते. दोन्हींत एक गोष्ट समान आहे: परीक्षा माफ होते, शंका माफ होत नाही. तिचे उत्तर मग अर्जातील दुसऱ्या कोणत्यातरी कागदाला द्यावे लागते.

म्हणूनच सूट सहजी कोणाला मिळते हे पाहण्यासारखे आहे. अभियांत्रिकी, संख्याशास्त्र किंवा अर्थशास्त्र यांची चांगल्या गुणांची पदवी असलेला, हिशेबतपासनीस किंवा वित्तविश्लेषकाची व्यावसायिक पात्रता मिळवलेला, किंवा आकडेमोडीच्या विषयातील पदव्युत्तर पदवी असलेला उमेदवार ही त्यांतली ठरलेली उदाहरणे. अनुभवाची वर्षेही मोजली जातात, आणि दुसऱ्या सहकाऱ्याने तेवढेच ऐकलेले दिसते. परंतु आठ वर्षे हा आकडा स्वतः काही सिद्ध करत नाही. त्या आठ वर्षांत तुम्ही आकड्यांशी काय केलेत, हे विचारले जाते. सूट मागण्याच्या अर्जात हा रकाना जवळपास नेहमी असतो, आणि साहित्याच्या पदवीधराला तोच सर्वांत जड जातो.

जड जातो, पण तुमच्या बाबतीत रिकामा राहण्याचे कारण दिसत नाही. गोदामाचे काम आकड्यांशिवाय चालत नाही हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता. ‘गोदाम व्यवस्थापनाची जबाबदारी सांभाळली’ या वाक्यातून वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. त्याऐवजी, हातातील साठा किती दिवस पुरेल याचा अंदाज दर आठवड्याला तुम्ही कसा मांडत होतात, तो अंदाज पूर्वी किती चुकत असे आणि तुम्ही मांडणी बदलल्यावर किती चुकू लागला, पडून राहिलेल्या मालात किती भांडवल अडकले होते आणि ते किती मोकळे झाले, हे खरे आकडे घालून चार वाक्यांत लिहा. तुमच्या वरिष्ठांना शिफारसपत्रात याच कामाचा उल्लेख करायला सांगा. हे चार वाक्यांचे टिपण सूट मागताना लागेल, मुख्य अर्जात लागेल आणि मुलाखतीतही लागेल, त्यामुळे परीक्षेचे काहीही ठरले तरी ते या आठवड्यात लिहून ठेवावे.

तरीही परीक्षा द्यावी असेच माझे मत आहे, आणि त्याचे कारण तुमच्याच यादीत आहे. पाचांपैकी तीन ठिकाणी ती अनिवार्य आहे. म्हणजे अभ्यास करायचाच आहे, नाहीतर 640 आणि 38 घेऊन त्या तिघांच्या दारात जायचे आहे. परीक्षा न देण्याचा विचार उरलेल्या दोन संस्थांपुरता आहे, आणि एकदा चांगला गुणांक हाती आला की त्या दोन ठिकाणी तो पाठवण्यापासून तुम्हाला कोणी अडवत नाही. अनिवार्य परीक्षा मागणाऱ्या तिन्ही संस्था यादीतून काढून टाकणे हा दुसऱ्या सहकाऱ्याचा उपाय मला पटत नाही. दोन वर्षांचा काळ आणि मोठा खर्च ज्या अभ्यासक्रमावर होणार, त्याची निवड सव्वादोन तासांची परीक्षा टळते की नाही यावरून करणे म्हणजे घोड्यापुढे गाडी जोडण्यासारखे आहे. तुम्ही हे पाच अभ्यासक्रम काही कारणाने निवडले असतील. ते कारण परीक्षेच्या अटीने बदललेले नाही.

अनुभवी लोकांसाठी एक्झिक्युटिव्ह असेसमेंट नावाची नव्वद मिनिटांची आणि चाळीस प्रश्नांची वेगळी परीक्षा आहे, हेही कोणीतरी तुमच्या कानावर घालेल. ती प्रामुख्याने एक्झिक्युटिव्ह एमबीएसाठी, म्हणजे नोकरी करता करता करायच्या एमबीएसाठी, आहे. पूर्णवेळ अभ्यासक्रमाला ती चालवून घेणाऱ्या संस्था आहेत, पण तुमच्या तीनही संस्था तिचे नाव अटींमध्ये स्पष्टपणे घेत नसतील तर तिच्यामागे लागू नका.

जीमॅट की जीआरई, हा तिसऱ्या सहकाऱ्याचा मुद्दा मात्र विचार करण्याजोगा आहे, फक्त ‘सोपी’ हा शब्द बाजूला ठेवून. पूर्वी बिझनेस स्कूल म्हणजे जीमॅट हे समीकरण होते. हार्वर्डने 2009 पासून जीआरई स्वीकारायला सुरुवात केली आणि आता बहुतेक संस्था दोन्ही परीक्षा समान मानतात असे लिहूनच देतात. जीआरई सप्टेंबर 2023 पासून आखूड झाली असून ती दोन तासांना दोन मिनिटे कमी इतकी चालते. तिच्यात एक निबंध, व्हर्बलचे 27 आणि क्वांटचे 27 प्रश्न असतात, आणि या दोन्ही विभागांचे गुण स्वतंत्रपणे 130 ते 170 या पट्ट्यात मिळतात. क्वांटसाठी पडद्यावर कॅल्क्युलेटर मिळतो, विभागाच्या आत मागे जाऊन उत्तर बदलता येते, पण भूमितीही असते. जीमॅट सव्वादोन तासांची आहे: क्वांटचे 21, व्हर्बलचे 23 आणि डेटा इनसाइट्सचे, म्हणजे माहितीच्या विश्लेषणाचे, 20 प्रश्न, प्रत्येक विभागाला 45 मिनिटे. क्वांटमध्ये कॅल्क्युलेटर नाही, मात्र भूमितीही नाही. व्हर्बलमधून व्याकरणाची वाक्यदुरुस्ती गेली आहे, निबंधही गेला आहे. विभागाच्या शेवटी वेळ उरला तर तीन उत्तरांपर्यंत बदल करता येतो. तिन्ही विभागांना एकूण गुणांत सारखे वजन आहे, आणि 2022 मधील तुमच्या परीक्षेपेक्षा हा सर्वांत मोठा फरक आहे, कारण तेव्हा माहितीच्या विश्लेषणाचा विभाग एकूण 800 मध्ये धरलाच जात नव्हता.

डेटा इनसाइट्समधील एका प्रकारचा नमुना येथे देतो, कारण त्यावरून तुम्हाला स्वतःचा अंदाज येईल. समजा प्रश्न असा आहे: वर्षाच्या सुरुवातीला एका कंपनीत जे कर्मचारी होते, त्यांपैकी दहा टक्क्यांहून अधिक जणांनी त्या वर्षात नोकरी सोडली का? खाली दोन विधाने आहेत. पहिले सांगते, की सुरुवातीला 240 कर्मचारी होते. दुसरे सांगते, की सुरुवातीच्या कर्मचाऱ्यांपैकी 30 जणांनी वर्षभरात नोकरी सोडली. येथे टक्केवारी काढायची नसून उत्तर देण्यास कोणती माहिती पुरेशी आहे एवढेच ठरवायचे आहे. पहिले विधान एकटे अपुरे, दुसरेही एकटे अपुरे, दोन्ही मिळून पुरेसे, तिथे थांबायचे. शाळेत गणिताची सवय असलेला उमेदवार साडेबारा टक्के हे उत्तर काढत बसतो आणि अर्धे मिनिट घालवतो. रोज गोदामाचे तक्ते वाचून, कोणती माहिती अजून आलेली नाही हे ओळखणाऱ्या माणसाला हा प्रकार परका वाटू नये. तक्ते, आलेख, दोन-तीन ठिकाणी विखुरलेल्या नोंदी यांवरील प्रश्नही याच विभागात येतात, आणि येथे कॅल्क्युलेटर मिळतो.

या कारणासाठी माझा कल तुमच्या बाबतीत जीमॅटकडे आहे. वाचन आणि तर्क यांत तुम्ही आधीच मजबूत आहात, तक्त्यांशी रोजची ओळख आहे, आणि इतक्या वर्षांनी भूमिती नव्याने उकरावी लागत नाही. जीआरईमध्ये तुमच्या व्हर्बलला इंग्रजी शब्दसंग्रहाची कसोटी द्यावी लागेल, आणि क्वांटमध्ये 160 च्या पुढे जाणाऱ्यांची गर्दी असल्यामुळे ऐकायला भारी वाटणारा आकडाही पर्सेंटाइलमध्ये मध्यमच ठरू शकतो. पण माझा कल हा शेवटी कलच. जीमॅक आणि जीआरई घेणारी ईटीएस या दोन्ही संस्था आपापल्या परीक्षेच्या प्रत्येकी दोन अधिकृत सराव परीक्षा विनामूल्य देतात. दोन लागोपाठच्या सुट्यांच्या दिवशी सकाळी, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, घड्याळ लावून, दोन्हींतील एकेक द्या. ज्या परीक्षेत तुमचा क्वांटचा पर्सेंटाइल वर येईल ती निवडा, आणि मग दुसरीकडे ढुंकूनही पाहू नका. दोन्हींचा थोडाथोडा अभ्यास करणारे बरेच लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या वह्या जाड होतात आणि गुण तिथल्या तिथे राहतात.

रोजचा दीड तास पुरेसा आहे, मात्र त्याची उलटी मोजणी करावी लागेल. पहिली परीक्षा अर्जाच्या अंतिम तारखेच्या किमान दोन महिने आधी व्हावी, कारण एका प्रयत्नात मनासारखे होईलच असे नाही. जीमॅटच्या दोन प्रयत्नांमध्ये 16 दिवसांचे अंतर लागते, जीआरईच्या 21 दिवसांचे, आणि दोन्हींत बारा महिन्यांत पाचच वेळा बसता येते. तुम्ही दोन प्रयत्नांचा बेत करा. पहिला बिघडला तर घाबरू नका. कोणता निकाल पाठवायचा हे दोन्ही परीक्षांत तुमच्या हाती असते, न पाठवलेला निकाल संस्थेला दिसत नाही. अभ्यासाच्या दीड तासातील दोन तृतीयांश वेळ क्वांटला द्या, आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे उत्तर न लिहिता चूक का झाली ते लिहा: सूत्र आठवले नाही, प्रश्न घाईने वाचला, की एकाच प्रश्नावर चार मिनिटे अडून बसलात. तीन आठवड्यांनी ती पाने चाळलीत तर यांपैकी एकच कारण पुन्हा पुन्हा दिसेल, आणि पुढचा अभ्यास त्या कारणाचा करायचा. जीमॅटमध्ये शेवटचे प्रश्न कोरे सुटले तर त्याचा दंड बसतो, त्यामुळे वेळेचा सराव हाही अभ्यासच समजा.

किती गुण पुरेत, हे तुम्ही विचारलेले नाही, पण विचाराल. संस्थेच्या संकेतस्थळावर सरासरी किंवा मध्यक छापलेला असतो आणि उमेदवार त्याच्या खाली असले की हिरमुसतात. मध्यक याचा अर्थच असा, की प्रवेश मिळालेल्यांपैकी निम्मे त्याच्या खाली किंवा नेमके तेवढ्यावरच आहेत. त्याच्या शेजारी पुष्कळदा मधल्या ऐंशी टक्के विद्यार्थ्यांचा पट्टा दिलेला असतो. तुमचे गुण त्या पट्ट्यात आले की परीक्षेने तिचे काम केले असे समजा आणि उरलेला जीव निबंधांवर ओता. छापलेले आकडे जुन्या मोजपट्टीचे आहेत की नव्या, हे शेवटचा अंक पाहून ओळखता येईल; मध्यक किंवा सरासरी मात्र त्या ठरावीक अंकांवरच पडेल असे नाही, म्हणून तिथे शीर्षकही वाचा.

आणि दोन्ही प्रयत्नांनंतर क्वांट मागेच राहिले तर? तेव्हा संख्याशास्त्र किंवा वित्तीय लेखांकनाचा, गुण देणारा एखादा विद्यापीठीय अभ्यासक्रम ऑनलाइन पूर्ण करावा आणि त्याची गुणपत्रिका जोडावी. अर्जातील ऐच्छिक निबंधात याबद्दल तीन वाक्ये पुरतात: क्वांटचे गुण कमी आहेत हे मान्य करणारे एक, अभ्यासक्रमातील गुण सांगणारे एक, आणि कामातील ते साठ्याचे गणित दाखवणारे एक. परीक्षेच्या दिवशी तब्येत बरी नव्हती, मी परीक्षेत कच्ची पण कामात पक्की, असली कारणे तिथे लिहू नका. वाचणाऱ्याने ती शेकडो वेळा वाचलेली असतात.

इंग्रजीची परीक्षा हा वेगळा विषय आहे आणि तो यात मिसळू नका. टोफेल किंवा आयईएलटीएसचे गुण दोनच वर्षे चालतात, आणि पदवीचे माध्यम इंग्रजी असेल तर अनेक संस्था ते मागत नाहीत. जीमॅटची सूट मिळाली म्हणून ही अट सुटते असे नाही, आणि याच्या उलटही नाही.

शेवटी सूट देणाऱ्या त्या एका संस्थेविषयी. सुटीची विनंती बहुतेक ठिकाणी मुख्य अर्जाच्या आधी वेगळी पाठवावी लागते आणि उत्तर यायला वेळ लागतो. माझ्याकडे सल्ल्याला आलेल्या एका गृहस्थांनी ती अर्जासोबतच जोडली. विनंती आधी मंजूर झालेली हवी होती, ती नव्हती, त्यामुळे अर्ज अपूर्ण ठरला आणि उत्तर येईपर्यंत ती फेरी संपली. त्यांच्याकडे पात्रता पूर्ण होती, फक्त क्रम चुकला. तुमची गत तशी होऊ नये म्हणून त्या संस्थेला आजच दोन ओळींचे पत्र पाठवा. सुटीची विनंती कोणत्या तारखेपर्यंत करायची आणि उत्तर किती दिवसांत मिळते, हे पहिल्या ओळीत विचारा. सूट घेतलेल्या उमेदवारांचा शिष्यवृत्तीसाठी इतरांच्या बरोबरीने विचार होतो का, हे दुसऱ्या ओळीत विचारा. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ किंवा गुळमुळीत आले, तर तिथेही नवा गुणांकच पाठवा. ऐच्छिक ठेवणाऱ्या संस्थेचा निर्णय तोवर लांबणीवर टाका. पहिल्या प्रयत्नाचा निकाल हाती आला की त्यातील क्वांटचा पर्सेंटाइल मला कळवा, आणि तो तिथे पाठवायचा की नाही ते आपण मिळून ठरवू.